ओरल कुणाची?



ओरलला एक्स्टर्नल समोर बसलेत, प्रश्न सोपा आहे, उत्तर येतंय, आणि शब्द काही केल्या तोंडातून बाहेर पडत नाही, हा अनुभव ज्याने घेतला नसेल त्याने हात वर करावा. (टॉपर मंडळींनी हात खाली घ्यावेत, लेख तुमच्यासाठीही आहे.) एक्स्टर्नल चष्म्यावरून बघतात, "काही वाचून आलेले दिसत नाही" म्हणतात आणि पुढच्या रोल नंबरला हाक मारतात. मग आपण कॉरिडॉरमध्ये भेटेल त्याला सांगत सुटतो, "अरे येत होतं यार मला, नुसता शब्द आठवला नाही!"

आता अशी कल्पना करा की ही ओरल रोज आहे, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत. समोर एक्स्टर्नल नाहीत. बायको आहे, मुलगा आहे, शेजारी आहे, बँकेतला क्लार्क आहे. प्रश्नही अवघड नाहीत. चहा घेणार का? कुठे दुखतंय? पंखा लावू का? उत्तर पक्कं माहीत आहे, पण शब्द येत नाही, किंवा भलताच येतो. 'पंखा' म्हणायचं असतं आणि तोंडातून 'चमचा' निघतं. आणि समोरचा प्रत्येक जण एकच शेरा मारून मोकळा होतो, "यांना आता काही कळत नाही."

या विकाराला मराठीत वाचाघात म्हणतात. डॉक्टर लोक अफेझिया म्हणतात. आपल्याकडे घरोघरी 'पॅरालिसिसचा अटॅक' म्हणतात ना, म्हणजे मेंदूचा स्ट्रोक, तो अफेझियाचं सगळ्यात मोठं कारण आहे. स्ट्रोक आलेल्या साधारण दर तीन माणसांतल्या एकाला सुरुवातीला तरी हा त्रास होतो. डोक्याला जबर मार लागला, मेंदूत गाठ झाली तरी होतो. ब्रूस विलिसला झाल्याची बातमी २०२२ मध्ये आली तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. (त्याच्या बाबतीत मूळ आजार वेगळा निघाला, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, हे २०२३ मध्ये कळलं. त्याची वाट वेगळी आहे. इथे मी स्ट्रोकनंतरच्या अफेझियाबद्दल बोलतेय.)

टी.ई.च्या सेमिनारसाठी मी स्पीच रेकग्निशन हा विषय घेतला होता. त्यासाठी वाचता वाचता या विषयात शिरले आणि बाहेर पडताच आलं नाही. सेमिनार झाला, मार्क मिळाले, पण डोक्यात जे राहिलं ते इथे लिहितेय. माझं मराठी कॉन्व्हेंटी आहे, सांभाळून घ्या. माझं म्हणणं थोडक्यात असं: अफेझिया झालेल्या माणसाशी आपण बोलतो तेव्हा परीक्षा त्याची चालू आहे असं आपण धरून चालतो. पण गेल्या कित्येक वर्षांचं संशोधन सांगतं की त्यातले निम्मे मार्क ऐकणाऱ्याचे असतात. आणि आपण ऐकणारे बहुतेक वेळा नापास होतो.

सुरुवात १८६१ पासून करावी लागेल. पॅरिसजवळ बिसेत्र नावाचं हॉस्पिटल होतं. तिथे लबोर्न नावाचा एक पेशंट २१ वर्षं राहत होता. काहीही विचारा, तो एकच बोलायचा, "तां, तां." सगळं हॉस्पिटल त्याला 'तां' म्हणूनच ओळखायचं. चिडला की मात्र एक शिवी स्पष्ट हासडायचा! त्या एप्रिलमध्ये तो वारला. पॉल ब्रोका या सर्जनने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा सापडली. 'ब्रोकाज एरिया' हे नाव तिथून आलं. ब्रोकाने तो मेंदू कापला नाही, तसाच जपून ठेवला, आणि २००७ मध्ये संशोधकांनी चक्क त्याचा एमआरआय काढला! इजा ब्रोकाला वरून दिसली होती त्यापेक्षा बरीच खोलवर गेलेली निघाली. म्हणजे 'एक भाग, एक काम' इतका सोपा हिशेब मेंदूत चालत नाही.

पण मला जास्त आवडते ती ब्रोकाच्या दुसऱ्या पेशंटची गोष्ट. लेलाँ हे त्याचं नाव, वय ८४. त्याच्याकडे फक्त पाच शब्द उरले होते: 'होय', 'नाही', 'नेहमी', स्वतःचं अर्धवट नाव, आणि 'तीन'. कुठलाही आकडा सांगायचा झाला की तो 'तीन'च म्हणायचा. मुलं किती? "तीन." पण म्हणताना बोटं चार वर करायचा. मुलगे किती? "तीन," आणि बोटं दोन. मुली किती? "तीन," आणि बोटं पुन्हा दोन. घड्याळ दाखवून वाजले किती विचारलं तर "तीन," आणि दहा बोटं. घड्याळात दहाच वाजले होते.

आता सांगा, या माणसाला कळत नव्हतं? त्याला चार मुलं आहेत हे माहीत होतं, दोन अधिक दोन चार हे माहीत होतं, घड्याळ वाचता येत होतं, आणि आपल्या तोंडून चुकीचा आकडा जातोय, म्हणून बोटांनी तो दुरुस्त करायचा हेही सुचत होतं. त्याच्याजवळ फक्त शब्द नव्हता. आणि ब्रोकाला हे समजलं कशामुळे? तर त्याने लेलाँच्या तोंडाबरोबर बोटांकडेही बघितलं म्हणून! 'तीन' ऐकून 'चूक, नेक्स्ट' म्हणाला असता तर संपलं होतं सगळं.

ब्रोकानंतर १३ वर्षांनी, १८७४ मध्ये, कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने उलट प्रकार मांडला. तेव्हा तो फक्त २६ वर्षांचा होता. (आपण २६ व्या वर्षी कुठे असू? बहुतेक बेंचवर!) त्याच्या पेशंटांचं बोलणं धबधब्यासारखं होतं, पण त्यात अर्थ लागत नव्हता, आणि दुसऱ्याचं बोलणंही त्यांना नीट समजत नव्हतं. म्हणजे अफेझिया एका छापाचा नसतो. कुणाला समजतं बरंच पण बोलता येत नाही, कुणी घडाघडा बोलतो पण समजण्यात अडचण, कुणाला नुसती नावंच आठवत नाहीत, आणि कुणाचं सगळंच अडतं. म्हणून "त्यांना काहीच कळत नाही" हे जितकं चुकीचं, तितकंच "त्यांना सगळं कळतं हो" हेही न तपासता म्हणणं चुकीचं. तपासावं लागतं. तोच तर मुद्दा आहे.

अजून एक गैरसमज काढून टाकू. "बोलता येत नाही ना, मग लिहून दाखवा" असं लोक सहज कागद पुढे करून म्हणतात. पण बिघाड जिभेत नाही, घशात नाही, भाषेत आहे. त्यामुळे लिहिणं-वाचणंही बहुतेक वेळा बिघडतं. त्यातून डाव्या मेंदूला इजा म्हणजे उजवा हात लुळा असण्याची शक्यताही मोठी. एकदम नवीन हाताने, हरवलेल्या भाषेत, गर्दीत उभं राहून लिहून दाखवा!

मग प्रश्न येतो: भाषा गेली तर विचार उरतो का? आपल्याला वाटतं की विचार म्हणजे मनातल्या मनात बोलणं. तत्त्वज्ञ मंडळी यावर शतकानुशतकं भांडताहेत. पण २००५ मध्ये इंग्लंडच्या शेफील्ड विद्यापीठात रोझमेरी वार्ले आणि सहकाऱ्यांनी जे करून दाखवलं ते आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांना लगेच पटेल. त्यांनी व्याकरण पार मोडून गेलेले तीन पेशंट घेतले. 'माणसाने सिंहाला मारलं' आणि 'सिंहाने माणसाला मारलं' अशा धर्तीच्या इंग्लिश वाक्यांत कोणी कोणाला मारलं, हे त्यांना सांगता येत नव्हतं. पण गणितात तीच अदलाबदल केली, म्हणजे मोठ्यातून लहान वजा करा, मग लहानातून मोठं वजा करा, तर दोन्ही उत्तरं वेगळी असतात हे त्यांना बरोबर समजत होतं. कंसाची गणितंही ते सोडवत होते! कंस म्हणजे तरी काय, वाक्यात वाक्य घालतो तसलाच प्रकार. भाषेतलं ते गेलं, गणितातलं राहिलं. (आपल्यातल्या काही जणांचं बरोबर उलटं आहे, पण ते जाऊ दे.)

यानंतर एमआरआयवरचंही बरंच काम झालं. अमेरिकेत एमआयटीच्या एव्हलिना फेडोरेंको आणि दोन सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये 'नेचर' मासिकात सगळा पुरावा एकत्र मांडून म्हटलं की भाषा हे मुख्यतः एकमेकांना सांगण्याचं साधन आहे, विचार करण्याचं यंत्र नव्हे. मेंदूतलं भाषेचं जाळं आणि गणित-तर्काचं जाळं वेगवेगळं चालतं. म्हणजे ज्या माणसाची बोलती बंद झाली, तो आत नापास झालेला नसतो.

मी लहान होते तेव्हापासून आमच्या नात्यातल्या एका तात्यांना हे बघतेय. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस. स्ट्रोकनंतर त्यांच्याकडे दोनच शब्द शिल्लक राहिले, "हेच की." पण मेंढीकोट खेळायला बसले की सगळे हुकूम कोणाकडे गेले, दहिला कोणाचा अडकलाय, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का. माझ्या बाजूने मी वाटेल ते पान टाकलं तर असे बघायचे की "हेच की" म्हणायचीही गरज पडायची नाही! आणि याच तात्यांना मुलगा पेन्शनच्या कामासाठी एका बँकेत घेऊन गेला, तर काउंटरवरच्या बाईंनी त्यांच्यासमोरच मुलाला विचारलं, "यांना काही कळतं का? नाहीतर डॉक्टरांचं लिहून आणा तसं." त्या बाई दुष्ट नव्हत्या. मागे रांग होती, समोर फॉर्म होता, आणि माणूस बोलत नव्हता. पण तात्या त्या दिवसानंतर बँकेत गेले नाहीत. मुलगाच जातो. एका वाक्याने माणसाचं एक दार बंद होतं ते असं.

आता कोणी म्हणेल, "ते ठीक आहे, पण उपचार करा ना! नुसतं ऐकून कोणी बरं होतं का?" प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर नीट द्यायला हवं. उपचार आहे, आणि त्याचा उपयोग होतो. २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेने ५७ ट्रायल्स, ३००२ पेशंट, एवढ्या सगळ्याचा आढावा घेतला. स्पीच थेरपीने रोजच्या व्यवहारातलं बोलणं, वाचणं, लिहिणं सुधारतं असं त्यात दिसलं. पण मेख डोसमध्ये आहे. २००३ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी जुने अभ्यास शेजारी शेजारी मांडून बघितले. ज्यांत फायदा दिसला होता, त्यांत आठवड्याला सरासरी ८.८ तास थेरपी होती. ज्यांत दिसला नव्हता, त्यांत जेमतेम २ तास! म्हणजे औषध बरोबर असूनही चमचाभर दिलं तर "गुण नाही" म्हणण्यात काय अर्थ?

दुसरी समजूत अशी की सहा महिन्यांत जे सुधारेल ते सुधारेल, नंतर काही नाही. घरी तर ही समजूत शिलालेखासारखी पक्की असते. २०१७ मध्ये जर्मनीत १९ सेंटरवर १५६ जणांचा ट्रायल झाला. सगळे सहा महिने उलटून गेलेले पेशंट. तीन आठवडे, दर आठवड्याला किमान १० तास थेरपी दिली, तर रोजच्या बोलण्यात ठरावीक फरक पडला. ज्यांना थांबायला सांगितलं होतं त्यांच्यात त्या काळात पडला नाही. त्याआधी २००१ मध्येही जर्मनीतच पत्त्यांसारखा खेळ खेळवून, रोज तीन-चार तास, दहा दिवस, अशी थेरपी करून जुन्या पेशंटांत सुधारणा दाखवली होती. त्या खेळात नियम एकच, खुणा करायच्या नाहीत, बोलूनच पान मागायचं. आणि १९७३ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या तिघांनी सूर लावून बोलायला शिकवण्याची पद्धत मांडली, कारण बोलता न येणारे काही पेशंट गाणं मात्र म्हणू शकतात.

इथपर्यंत वाचून आपल्या कॉम्प्युटरवाल्यांचे डोळे चमकले असतील. "आठवड्याला दहा तास? थेरपिस्ट कुठून आणणार? ॲप बनवू!" बरोबर. माझ्याही सेमिनारचा शेवटचा स्लाईड हाच होता. पण हे करून झालेलं आहे, आणि त्याचा निकाल फार शिकण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये 'बिग कॅक्टस' नावाचा ट्रायल झाला, निकाल २०१९ मध्ये आला. २७८ पेशंट. ज्यांना सॉफ्टवेअर दिलं त्यांनी रोजच्या आयुष्यात लागणारे आपापले १०० शब्द निवडले, आणि सहा महिने घरी बसून त्यांचा सराव केला. निकाल: निवडलेले शब्द आठवणं चांगलंच सुधारलं. आणि गप्पा? गप्पा मारणं काही सुधारलं नाही. जगण्यातही फरक जाणवला नाही.

थोडं थांबून विचार करा. 'पंखा' शब्द परत आला, पण "अरे जरा पंखा लाव, उकडतंय" हे आलं नाही. का? कारण संभाषण दोघांत होतं, आणि सराव एकानेच केला. सॉफ्टवेअर वाया गेलं असं मी म्हणत नाही. शब्दांची घोकंपट्टी मशीनने करवून घ्यावी, तेवढा थेरपिस्टचा वेळ वाचतो. पण त्या शब्दांचं बोलणं व्हायला समोर माणूस लागतो, आणि तोही थांबणारा.

याच्या दुसऱ्या बाजूचा प्रयोग टोरांटोत झाला. आउरा केगन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ४० स्वयंसेवक घेतले. त्यातल्या २० जणांना अफेझिया झालेल्या माणसाशी कसं बोलायचं याचं ट्रेनिंग दिलं, २० जणांना दिलं नाही. पेशंटना काहीही शिकवलं नाही! मग सगळ्यांच्या गप्पांचं व्हिडिओवरून मूल्यमापन केलं. ट्रेनिंग घेतलेल्यांचं बोलणं सुधारलं हे तर झालंच, पण त्यांच्यासमोर बसलेल्या पेशंटचे मार्कही वाढले. मेंदू तोच, इजा तीच, अभ्यास शून्य. बदलला फक्त समोरचा माणूस.

म्हणून मी म्हणते, ओरल आपली आहे.

आता जरा आपल्या घरात येऊ. वर ज्या अभ्यासांची नावं घेतली ते बहुतेक सगळे एका भाषेत जगणाऱ्या माणसांवरचे, तेही इंग्लिश नाहीतर जर्मन. आपलं काय? आमच्या होस्टेलच्या एका मजल्यावर बघा. माझी रूममेट घरी कोकणी बोलते, शेजारची लातूरची, मेसमध्ये हिंदी, लेक्चरला इंग्लिश, आणि मी आईशी मराठी, भावाशी इंग्लिश, देवाशी कॉन्व्हेंटमध्ये पाठ झालेलं जे असेल ते. यातल्या कोणाला अफेझिया झाला तर कुठली भाषा आधी परत येईल? सगळ्यात लहानपणी शिकलेली, असं फ्रान्समधल्या रिबोने १८८१ मध्ये म्हटलं. सगळ्यात जास्त वापरातली, असं पित्रने १८९५ मध्ये. प्रत्यक्षात दोन्ही प्रकार आढळतात, आणि तिसरे-चौथेही. म्हणून माँट्रियलच्या मिशेल पॅरादी यांनी प्रत्येक भाषा वेगळी तपासायची टेस्ट तयार केली. हैदराबादला निम्स हॉस्पिटलमध्ये स्ट्रोकच्या ६०८ पेशंटांचा अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये आला. दोन किंवा जास्त भाषा येणाऱ्यांत स्ट्रोकनंतर बुद्धीची बाकीची कामं शाबूत राहिलेल्यांचं प्रमाण एकभाषिकांच्या दुप्पट होतं. पण अफेझिया? तो दोघांत जवळपास सारखाच. बऱ्याच भाषा येतात म्हणून भाषा वाचते असं नाही.

मराठीचं तर अजून वेगळंच. इंग्लिशमध्ये कोणी कोणाला मारलं हे शब्दांच्या क्रमावरून कळतं. आपल्याकडे 'ने' आणि 'ला' एवढ्याशा प्रत्ययांवर सगळा भार. "वाघाला माणसाने मारलं" म्हटलं तरी वाघच मरतो! मग इंग्लिशसाठी बनवलेली वाक्यं नुसती भाषांतर करून मराठी पेशंटपुढे ठेवली तर आपण नक्की काय तपासतोय? संशोधकांना पेशंटचं रेकॉर्ड केलेलं बोलणं लागतं. कार्नेगी मेलन विद्यापीठात २००७ पासून 'अफेझियाबँक' म्हणून असा साठा जमवताहेत, त्यात मोठा वाटा इंग्लिशचा. मराठीतलं असं बोलणं जमवायचं, परवानगी घेऊन, नावं झाकून, थेरपिस्टच्या देखरेखीखाली, हे काम मराठी समजणाऱ्या इंजिनिअरशिवाय कोण करणार? दरवर्षी आपल्याकडे बी.ई.चे प्रोजेक्ट म्हणून लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम किती निघतात ते डिपार्टमेंटच्या कपाटात मोजून या. एक ग्रुप तरी या वाटेने जाऊ दे. पण जाताना बिग कॅक्टस विसरू नका: ॲप असं बनवा की पेशंटबरोबर घरचं माणूसही बसेल.

आणि हा केवळ दयेचा विषय नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व मोजलंय, त्यात वाणी आणि भाषेच्या अपंगत्वाची व्याख्या करताना अफेझियाचं नाव घेऊन लिहिलंय. म्हणजे हा हक्काचा मामला आहे. जिन्याशेजारी रॅम्प बांधतो ना आपण, तसा भाषेचाही रॅम्प लागतो. तो सिमेंटचा नसतो, समोरच्या माणसाचा असतो.

तो बांधायचा कसा? केगन यांच्या पद्धतीत आणि थेरपिस्ट लोक घरच्यांना सांगतात त्यात फार अवघड काही नाही. टीव्ही बंद करा. समोर बसा. एका वेळी एकच प्रश्न, लहान वाक्यात. मोठ्याने ओरडू नका, कान चांगले आहेत. बाळाशी बोलतो तसं तर मुळीच बोलू नका. होय-नाही उत्तर देता येईल असं विचारा. कागदावर दोन-तीन पर्याय मोठ्या अक्षरात लिहा, चित्र काढा, कॅलेंडर, घड्याळ, नकाशा, फोनमधले फोटो पुढे करा. शब्द अडला की लगेच आपण घुसडू नका, थांबा. जे समजलं ते परत सांगून विचारा, "असं म्हणताय ना?" आणि समजलं नसेल तर समजल्यासारखी मान हलवू नका. "मला नाही कळलं, परत बघू या" म्हणण्यात कमीपणा नाही. आणि त्यांच्यादेखत दुसऱ्याला "यांना कळतं का?" असं विचारू नका. त्यांनाच विचारा.

आमच्या होस्टेलच्या मावशी, वॉचमन काका, मेसची मंडळी, सगळ्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. कोणाचं बोलणं अचानक बोबडं किंवा असंबद्ध झालं, तोंड एका बाजूला झुकलं, एक हात वर राहीना, तर "ॲसिडिटी असेल, झोप जरा" म्हणू नका. सरळ मोठ्या हॉस्पिटलला न्या आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते सांगा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देतात, आणि जितकं लवकर तितकं मेंदू वाचतो.

स्वीडनचा कवी टोमास ट्रान्स्ट्रोमर याला १९९० मध्ये स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. कवीची वाचा! तो डाव्या हाताने पियानो वाजवत राहिला, १९९६ आणि २००४ मध्ये त्याचे नवे कवितासंग्रह आले, आणि २०११ मध्ये त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. त्याच्या घरात त्याचं ऐकणारं, त्याचा एखाद-दुसरा शब्द धरून पुढे नेणारं माणूस होतं, त्याची बायको मोनिका. आपल्या घरातले तात्या नोबेल मिळवणार नाहीत. पण कुठल्या डॉक्टरकडे जायचं, पैसे कुठे ठेवायचे, आज जेवायला काय हवं, एवढं तरी त्यांचं त्यांना ठरवता यायला हवं की नको?

सेमिस्टर संपलं की आपण सगळे घरी जाऊ. प्रत्येकाच्या नात्यात, गल्लीत, असा एखादा माणूस असतो, पलंगावर भिंतीला टेकून बसलेला, ज्याच्याशी सगळे मोठ्याने "काय, बरंय ना?" म्हणतात आणि उत्तराची वाट न बघता आतल्या खोलीत जातात. यावेळी त्याच्याजवळ पंधरा मिनिटं बसा. पत्त्यांचा कॅट घेऊन बसा, नाहीतर जुने फोटो घेऊन. प्रश्न विचारा आणि गप्प राहा. उत्तराला वेळ लागेल, कदाचित आकडा चुकेल. तेव्हा बोटांकडे बघा.

– टी.ई. कॉम्प्युटर